मुलाच्या हाताला बसेल अशी बॅट

मंडळी, विटीदांडूचा दांडू आपण लहानपणी कसा निवडत होतो, ते जरा आठवून पाहा. कुणी दुकानात गेले नव्हते. कुंपणातली एखादी बरी फांदी हेरायची, कोयत्याने तोडायची, सोलायची, आणि मग हातात धरून दोनचारदा हवेत फिरवायची. जड वाटली तर आणखी तासायची, लांब वाटली तर बोटभर छाटायची. थोरल्या भावाचा दांडू धाकट्याला चालत नसे. तो आपला वेगळा करून घेई. म्हणजे खेळाचे साधन खेळणाऱ्याच्या हाताप्रमाणे असावे, हे शहाणपण आपल्या पोरांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

मग क्रिकेट आले, बॅट दुकानातून येऊ लागली, आणि हे शहाणपण आपण विसरलो. मी स्वतः विसरलो होतो. नाटे आणि आसपासच्या गावांत, इकडे आंबोळगडापासून तिकडे जैतापूरपर्यंत, भात कापून मळे मोकळे झाले की क्रिकेट सुरू होते ते पाऊस येईपर्यंत. चाकरमानी गावी आले की सामने भरतात, रात्री दिवे लावून खेळतात. हा सगळा खेळ टेनिसच्या चेंडूचा. माझ्या शाळेतही तोच. एका वर्षी आम्ही वर्गणी काढून एक बॅट आणली. चांगली मोठी, रुबाबदार, जाड कडांची. विचार असा की मोठी मुले खेळतील आणि तीच बॅट लहानांनाही होईल. सहावीतला एक मुलगा होता, नजर फार चांगली, पण ती बॅट हातात आली की त्याचा चेंडू सरळ कधी जाईना. प्रत्येक वेळी तो आडवा हात मारी. मी त्याला म्हटले, तुला बॅटिंग जमायची नाही, तू सीमेवर उभा राहा. वर्षभर तो सीमेवर उभा राहिला. पुढच्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या त्याच्या मामाने त्याच्यासाठी एक लहान बॅट आणली आणि त्याच मुलाने पहिल्याच दिवशी चेंडू सरळ माझ्या डोक्यावरून मारला. दोष बॅटचा होता, आणि ती बॅट निवडली होती मी. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे.

तर बॅट पारखताना पाहायचे काय? तीन गोष्टी. चेंडू किती लांब जातो, कसा उडतो, आणि फटका थोडा चुकला तर बॅट तो किती सांभाळून घेते. ही तिसरी गोष्ट आपण सहसा पाहतच नाही. चूक पोटात घालणारी बॅट, असे आपण तिला म्हणू.

पहिल्यांदा लांबी घेऊ, कारण दुकानात प्रत्येक जण तेवढेच विचारतो. समज असा की बॅट जितकी जड, तितका चेंडू लांब. यात थोडे तथ्य आहे, पण किती थोडे ते गुरुजींनी वर्गात फळ्यावर करून दाखवावे. गणित सोपे आहे. थांबलेल्या चेंडूवर बॅट आपटली, तर चेंडूला मिळणारा वेग हा बॅटचे वजन भागिले बॅट आणि चेंडू यांचे मिळून वजन, या प्रमाणात बदलतो. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा. बॅट १ किलोची धरली तर १००० भागिले १०५८, म्हणजे ०.९४५. आता २०० ग्रॅम जड बॅट घ्या. १२०० भागिले १२५८, म्हणजे ०.९५४. फायदा किती झाला? शंभरात एक! खरी बॅट हातात वळते, तिचे सगळे वजन चेंडूमागे येत नाही, त्यामुळे आकडे थोडे बदलतील, पण निष्कर्ष तोच राहील. उलट त्या २०० ग्रॅमांमुळे मुलाचा फटका शंभरात पाच भाग जरी मंदावला, तरी चेंडूच्या वेगातले तेवढेच भाग गेले. एक मिळवण्यासाठी पाच घालवले. असला व्यवहार बाजारात आपण करू का?

चामड्याचा, म्हणजे सीझनचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. तिथे हेच गणित केले तर २०० ग्रॅमांचा फायदा शंभरात सव्वादोनच्या आसपास येतो. म्हणून मोठ्या क्रिकेटमध्ये जड बॅटीला थोडा अर्थ आहे, आणि तोही ज्याच्या मनगटात ती पेलण्याची ताकद आहे त्याच्यापुरता. डॉन ब्रॅडमनची बॅट आजच्या मानाने हलकी होती, एक किलोच्या आसपास. आता कुणी विचारील, मग सचिन तेंडुलकरचे काय? त्याची बॅट तीन पौंडांहून जड, म्हणजे १३६० ग्रॅमांच्याही वर. खरे आहे. त्याची पकडही दांड्याच्या अगदी तळाशी असे, आणि लहानपणी थोरल्या भावाच्या बॅटने खेळल्यामुळे ती सवय लागली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. मोठी बॅट लहान हातात आली की हात आपोआप खाली सरकतात, हेच त्यावरून दिसते. त्या सवयीवर मात करून तो सचिन झाला. बाकीच्या हजार मुलांचे काय झाले, ते आपल्याला कुणी सांगत नाही.

नुसते वजन काट्यावर करून मात्र भागत नाही. दोन बॅटी किराणा दुकानाच्या काट्यावर अगदी सारख्या भरतात, पण हातात घेतल्या की एक हलकी लागते आणि दुसरी खाली ओढते. कारण वजन कुठे आहे, त्यावर सगळे अवलंबून आहे. कोयता मुठीकडून धरा आणि मग पात्याकडून धरून पाहा. कोयता तोच, पण फिरवताना फरक कळतो. बॅटचे लाकूड टोकाकडे जास्त असेल तर ती फिरवायला जड जाते, हातांकडे असेल तर सोपी जाते. म्हणून दुकानात मुलाला बरोबर न्यावे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने बॅट फक्त डाव्या हातात धरावी, कारण वरचा हात तोच. हात समोर सरळ करून बॅट आडवी उचलावी आणि सावकाश दहा अंक मोजावे. टोक खाली झुकू लागले किंवा खांदा वाकडा झाला, तर ती बॅट ठेवून द्यावी, मग ती किती का स्वस्त मिळेना. डावखुऱ्या मुलाने हेच उजव्या हाताने करावे.

उंचीचेही माप आहे. साडेचार ते पावणेपाच फूट उंचीच्या मुलाला साधारण ४ नंबर, पाच फुटांपर्यंत ५ नंबर, सव्वापाच फुटांपर्यंत ६ नंबर, आणि त्याहून थोड्या उंचाला हॅरो नावाचे माप येते. बनवणाऱ्यागणिक या नंबरात फरक पडतो, म्हणून नंबरावर फार भिस्त ठेवू नये. मुलाला खेळायला उभा राहतो तसा उभा करावा आणि बॅट पायाशी टेकवावी. दांड्याचे टोक मांडीच्या वरच्या सांध्यापर्यंत आले की पुरे. बेंबीला टोचत असेल तर तो मुलगा सरळ बॅटने कधीच खेळणार नाही. त्याच्या पोटालाच ती अडेल, आणि मग तो आडवा हात मारील. माझा सहावीतला मुलगा हेच करत होता.

आता चेंडूचे उडणे. टेनिसचा चेंडू आकाराने सीझनच्या चेंडूपेक्षा किंचितच लहान, पण वजनाने जवळजवळ तिसरा हिस्सा. हवा दोघांनाही अडवते, पण हलक्याला ती लवकर थांबवते. वरून त्याच्या अंगावर लव असते. म्हणून माडाच्या शेंड्याएवढा उंच गेलेला चेंडू दिसतो फार सुरेख, पण शेवटी पडतो सीमेच्या अलीकडे, आणि तिथे कुणीतरी हात पसरून उभाच असतो. थोडा खालून, सपाट गेलेला चेंडू जास्त लांब पडतो. यात बॅटचा भाग एवढाच की तिचा गाभा, म्हणजे चेंडू बसल्यावर हाताला काही जाणवत नाही आणि चेंडू उसळून जातो ती जागा, चेंडू जिथे येतो तिथे असावी. सड्यावरच्या जांभ्यावर किंवा सिमेंटवर टेनिसचा चेंडू कमरेपर्यंत उसळतो. तिथे गाभा थोडा वर असलेली बॅट बरी. मळ्यातल्या मऊ जमिनीत तोच चेंडू गुडघ्याखाली राहतो, तिथे खालचा गाभा उपयोगी. तुमची मुले कुठे खेळतात ते आधी पाहा. हे दुकानदाराला माहीत नसते.

गाभा शोधण्याची एक युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. दांडा दोन बोटांत सैल धरायचा आणि चेंडूने पात्यावर टोकापासून वरवर टकटक करत जायचे. बहुतेक ठिकाणी बोटांना झिणझिण्या येतात. एका पट्ट्यात त्या नाहीशा होतात. टोकापासून सहा इंचांच्या आसपास तो पट्टा मिळेल. पण शाळेसाठी याहून गमतीची एक रीत आहे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींनी ती जरूर करून पाहावी.

दांड्याच्या वरच्या टोकात एक बारीक आकडा बसवा आणि बॅट खिळ्याला टांगा. त्याच खिळ्याला दोरीने एक लहानसा जड दगड बांधा. दोघांना एकदम थोडा झोका द्या. दोरी फार लांब असेल तर दगड मागे पडेल, आखूड असेल तर पुढे जाईल. दोरी कमीजास्त करत राहा, जोवर वीस झोक्यांत दोघे एकमेकांना सोडत नाहीत. एक झोका, म्हणजे जाऊन परत येणे, दीड सेकंदाच्या थोडे पुढे भरेल. आता दोरी बॅटला लावून दगडाच्या मध्याशी खडूची खूण करा. ही खूण बॅटच्या निम्म्यावर येणार नाही, बरीच खाली येईल. याच जागी चेंडू बसला तर बॅटच्या वरच्या टोकाला, जिथे ती टांगली आहे तिथे, धक्का पोचत नाही. वर बसला तर ते टोक एकीकडे ढकलले जाते, खाली बसला तर दुसरीकडे. खेळताना हात टोकाच्या थोडे खाली असतात, म्हणून खरी जागा थोडी सरकते, पण दोन बॅटींची तुलना करायला ही खूण उत्तम. झोक्याचा हा हिशेब डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६७३ साली छापलेल्या लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथात मांडला होता. घड्याळासाठी काढलेली विद्या साडेतीनशे वर्षांनी नाट्यातल्या पोराच्या बॅटीला लागू पडते, याचे मला तरी फार नवल वाटते.

आता ती तिसरी गोष्ट, चूक पोटात घालण्याची. यासाठी मी तुम्हाला जरा दूर नेतो. गोल्फ हा खेळ आपल्या सड्यावर कुणी खेळत नाही. मुंबईत चेंबूरला त्याचे मोठे मैदान आहे, तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी ते कुंपणाबाहेरून तरी पाहिले असेल. त्या खेळात एका माणसाला १४ पर्यंत काठ्या बाळगता येतात. लांब मारायची निराळी, उंच उडवायची निराळी. लांब पल्ल्याच्या काठीचा चेहरा दहा अंशांच्या आसपास कललेला, तर जवळून उंच उडवायच्या काठीचा पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त. आणि प्रत्येक काठी माणसाच्या उंचीप्रमाणे, फिरवण्याच्या वेगाप्रमाणे बसवून देणे हा तिकडे एक धंदाच आहे. या खेळात कार्स्टन सोल्हाइम नावाचा अमेरिकेतला एक इंजिनिअर होता. त्याला चेंडू भोकात ढकलायच्या काठीचा राग येई, कारण चेंडू जरा कडेला लागला की काठीचे डोके हातात वळे आणि चेंडू भलतीकडे जाई. १९५९ साली त्याने आपली पहिली काठी विक्रीला काढली. तिच्या डोक्याचे वजन मधून काढून दोन्ही टोकांना ठेवले होते. पाणी आणणारी बाई दोन हातांत दोन कळशा घेऊन चालली की चटकन गिरकी घेऊ शकत नाही, तसेच हे. वजन कडांना असले की वस्तू सहज वळत नाही.

आपल्याकडे टेनिस चेंडूच्या बॅटी मागून कोरलेल्या मिळतात. पुष्कळांना वाटते की ही नुसती फॅशन. तसे नाही. मधले लाकूड काढले की बॅट हलकी होते, आणि कडा जाड राहिल्यामुळे चेंडू कडेला लागला तरी ती हातात कमी वळते. सोल्हाइमची युक्ती आणि ही एकाच जातीची. पारखायची असेल तर दांडा सैल धरून पाते आडवे करा आणि हातभर उंचीवरून चेंडू मुद्दाम कडेजवळ टाका. जी बॅट कमी वळली ती जास्त क्षमाशील. फक्त एक लक्षात ठेवा, अशी कोरलेली बॅट सीझनच्या चेंडूसमोर नेऊ नये. त्या चेंडूसाठी पाते दाबून पक्के केलेले लागते. ही तडकते, आणि उडालेली ढलपी डोळ्यात जाण्याची भीती असते.

कुणी म्हणेल, मग पाते रुंदच का करू नये? तो प्रयोग झालेला आहे. १७७१ साली इंग्लंडात एक खेळाडू यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. समोरच्या संघाने तक्रार केली आणि रुंदीचा नियम आला. आजही ती सव्वाचार इंचांपलीकडे जाऊ शकत नाही. २०१७ सालापासून कडेची जाडीही ४ सेंटिमीटरांत बांधली आहे. हे नियमांचे क्रिकेट. आपल्या मळ्यातल्या सामन्यांत जाडी कुणी मोजत नाही, तो भाग वेगळा.

इतके सारे झाल्यावर मैदानातली खरी परीक्षा. इथे आपण बहुतेक फसतो, कारण सगळ्यांत लांब गेलेला एक फटका पाहतो आणि टाळ्या वाजवतो. तसे करू नये. सकाळी लवकर जा. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की वाऱ्याने नेलेले अंतर बॅटच्या खात्यावर जमा होते. चेंडू एकच ठेवा, आणि टाकणाराही एकच. दोन-तीन बॅटी असतील तर त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या आणि किमती कागद चिकटवून झाका, नाहीतर महाग बॅट हातात आली की मुलगा जास्त जोर लावतो. प्रत्येक बॅटने दहा फटके, पण एका दमात नव्हे, आलटून पालटून. नाहीतर शेवटच्या बॅटीच्या वाट्याला दमलेला हात येतो. चेंडू पहिल्यांदा जिथे टेकतो तिथवर पावले मोजा आणि लिहा.

समजा, एका बॅटने सर्वांत लांबचा फटका साठ पावले गेला, सर्वांत जवळचा पंधरा, आणि दहांतले मधले दोन तीस-बत्तीस. दुसरीने सर्वांत लांब पन्नास, सर्वांत जवळ तीस, मधले चाळीसच्या घरात. गावातले लोक पहिली बॅट घेतील. मी दुसरी घेईन. मधला आकडा रोजची लांबी सांगतो, आणि सर्वांत जवळचा आकडा बॅटची क्षमा सांगतो. लहान मुलाच्या हातून दहांतले सहा-सात फटके चुकतच असतात. पन्नास पावलांच्या बॅटने तो खेळत राहील, साठवालीने तो चार दिवसांत सीमेवर उभा राहील. हा हिशेब मुलांनाच मांडू द्यावा. सरासरी आणि मध्यक शिकवायला याहून बरे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आता ज्या शाळांत मोठी बॅट आधीच आणून झाली आहे, त्यांनी काय करावे? ती टाकून देऊ नका. गावातल्या सुताराकडे न्या. टोकाकडून कापायला सांगू नका, कारण गाभा टोकापासून सहाच इंचांवर आहे. खालून दोन इंच गेले तर तो अगदी कडेला येतो. दांड्याचा वरचा भाग एक-दीड इंच उतरवावा आणि मागच्या बाजूने रंध्याने पातळ ढलप्या काढाव्या. टोकाकडच्या जाड भागातून जास्त काढाव्या, खांद्याकडून कमी. दर थोड्या वेळाने मुलाच्या हातात देऊन पाहावे. दांडूचे करत होतो तसेच. दांड्यावर रबराचे दोन थर असतील तर एक काढावा. लहान पंजाची बोटे जाड दांड्याभोवती पुरत नाहीत. आम्ही आमची ती वर्गणीची बॅट अशीच उतरवून घेतली. दिसायला ती आता रुबाबदार राहिली नाही, पण पाचवी-सहावीच्या मुली आणि मुले तिच्यासाठी भांडतात.

शेवटी पावसाळ्याचे सांगून टाकतो, कारण आपल्या किनाऱ्यावर बॅट खेळून मोडते त्याहून जास्त ओल्याने मरते. टोक ओल्या जमिनीवर टेकले की लाकूड पाणी पिते, फुगते, आणि नंतर चिरते. मे अखेर बॅट पुसून कोरडी करावी, जवसाच्या तेलाचा पातळ हात मागेपुढे फिरवावा. दांडा जिथे पात्यात बसवलेला असतो त्या सांध्याला तेल लावू नये, तिथला चिकटा सैल होतो. टोक जमिनीला टेकणार नाही अशी ती टांगून ठेवावी. चुलीच्या वर मात्र नको. तिथे ती इतकी सुकते की नवान्न झाल्यावर पहिल्याच चेंडूला उभी चीर जाते.